गोळ्यांचा डबा

ज्यांचं ऋण आज लिहून ठेवायचं आहे, त्यांचं नाव मला लिहिता येणार नाही. ते ए.ए.चे, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे सभासद होते. तिथे एकमेकांची नावं बाहेर सांगत नाहीत, आणि माणूस गेला म्हणून तो नियम आपण मोडावा असं मला वाटत नाही. आम्ही घरातले सगळे त्यांना काका म्हणायचो. रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, उन्हापावसात रुळांवरून चालून रापलेले, मोजकं बोलणारे. दिवा-रोहा गाडीने हमरापूरला उतरायचे आणि तिथून चालत, नाहीतर मूर्ती नेणाऱ्या एखाद्या टेम्पोत बसून जोह्याला आमच्या कारखान्यात यायचे. चहा घ्यायचे आणि माझ्या वडिलांशेजारी पाट ओढून बसायचे. पुष्कळदा तासभर दोघं एक शब्दही बोलत नसत.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा आज दारूपासून लांब आहेत. खुब्याचं हाड मोडलं, मोठं ऑपरेशन झालं, तरीही लांब राहिले. त्यात डॉक्टरांचा, आईचा आणि दादांच्या जिद्दीचा वाटा आहेच. पण दारू सुटलेल्या माणसाला दुखायला लागलं की त्याला कसं सांभाळायचं, हे आम्हाला कोणत्याही पुस्तकाआधी काकांनी शिकवलं. ते शिकवणं इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

पेण तालुक्यातलं आमचं जोहे, शेजारचं हमरापूर, तांबडशेत, कळवे ही सगळी गणपतीची गावं. घराच्या पुढच्या पडवीत, परसात, शेतात उभारलेल्या शेडमध्ये, जिकडे बघाल तिकडे मूर्ती. रबरी साच्यात प्लास्टर ओतायचं, आतून काथ्या लावायचा, साचा सोडवायचा, सांधे भरायचे, पॉलिश पेपरने घासायचं, मग पांढरा हात, मग रंग आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. दिवाळी झाली की पुढच्या वर्षाचं काम सुरू होतं आणि आषाढात रात्रीचा दिवस होतो. दादांची आखणी आमच्या भागात नावाजलेली. लांबचे व्यापारीसुद्धा मूर्ती घेताना विचारायचे, डोळे कोणी काढलेत?

हे काम बसून करायचं, त्यामुळे कष्टाचं वाटत नाही. पण आखणीला बसलेला माणूस कंबरेत वाकून, मान पुढे काढून, श्वास धरून तासन्‌तास बसतो. मधूनच उठून चार माणसांबरोबर ओली मूर्ती उचलतो. प्लास्टरची मोठी मूर्ती सुकण्याआधी किती जड असते ते उचलणाऱ्याच्या कंबरेलाच कळतं. दादांची कंबर तिशीतच धरली. रात्री अंग मोकळं व्हावं म्हणून त्यांनी देशीचा आधार घेतला. कारखान्यांमधून असंच चालतं. कुणी त्याला व्यसन म्हणत नाही, थकवा उतरवणं म्हणतात. जोडीला मेडिकलमधून आणलेली कंबरेची गोळी. पोटात दारू आणि वरून डायक्लोफेनॅकसारखी गोळी म्हणजे जठराला दोन्हीकडून मार. दादांना एकदा काळी शी झाली, म्हणजे आत रक्तस्राव झाला होता. त्याचा अर्थ घरात कुणाला कळला नाही.

पुढे पुढे सकाळीही लागायला लागली. सकाळी ब्रश हातात घेतला की दादांचा हात कापायचा. अर्धा ग्लास पोटात गेला की तोच हात स्थिर व्हायचा आणि भुवईची रेघ एका दमात निघायची. लोक कौतुकाने म्हणायचे, यांच्या हातात घेतल्यावरच देव येतो. ते कापरं म्हणजे शरीराची मागणी होती. रोज दारू मिळण्याची सवय झालेल्या मेंदूला ती मिळाली नाही की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. दारूने हात स्थिर होत नव्हता, दारूनेच तो बिघडवला होता. हे मला समजावून सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं ते 2012 च्या श्रावणात.

आमच्याकडे गटारीला भरपूर पितात आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतात. महिनाभर दारू बंद, मटण बंद. बायकांना तो महिना सुखाचा जातो. त्या वर्षी दादांनीही श्रावण पाळायचं ठरवलं. आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या, रात्रभर डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते शेडमध्ये ओरडायला लागले की मूर्तींच्या अंगावर उंदीर चढलेत, हाकला. एकही उंदीर नव्हता. संध्याकाळी ते उभ्याउभ्या कोसळले आणि त्यांना फिट आली.

जमलेल्यांपैकी कुणी चप्पल हुंगवत होतं, कुणी दातात चमचा घालायला धावलं. तेवढ्यात आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. त्यांनी सगळ्यांना मागे सारलं, दादांना कुशीवर वळवलं, तोंडात काही घालू दिलं नाही आणि आईला एकच प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली?" उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, "टेम्पो काढा." मूर्ती न्यायच्या टेम्पोत चटई टाकून आम्ही दादांना पेणच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सिस्टरांनी डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगितलं ते हेच, की रोज पिणारा माणूस आहे आणि तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केली आहे. त्या एका वाक्यामुळे उपचाराची दिशा ठरली. शांत करणारी इंजेक्शनं सुरू झाली, आणि सलाइनमधून साखर जाण्याआधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं गेलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व उरलेलं नसतं, आणि ते न देता नुसती साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते.

भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर जीव जाऊ शकतो, ही गोष्ट आमच्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हती. दर श्रावणात कुणीतरी "भ्रमिष्ट" व्हायचं, कुणाला "बाहेरचं" लागायचं. सिस्टर बदली होऊन गेल्या. त्यांचं ऋण फेडायचं राहिलं ते राहिलंच.

त्या वर्षी अधिक भाद्रपद होता. गणपती 19 सप्टेंबरला, म्हणजे हाताशी एक महिना जास्त. आईने त्या महिन्याचा उपयोग करून घेतला. ऑर्डरी अर्ध्यावर असताना, सावकाराचे पैसे डोक्यावर असताना तिने दादांना पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. माझ्या आईने केलेल्या कामांत हे सगळ्यात धाडसाचं.

मुक्तांगण 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झालं. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यातल्या मुलांबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट, म्हणजेच सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. केंद्र उभं केलं त्यांनी. स्वतः कॅन्सरशी झगडत त्यांनी ते चालवलं आणि 1997 मध्ये त्या गेल्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर कारभार बघत होत्या. तिथे दादांशी कुणी वरच्या आवाजात बोललं नाही, आणि दादांसाठी हे नवीन होतं. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य आईने तिथे पहिल्यांदा ऐकलं. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी तिथे "सहचरी" नावाचा गट आहे. त्यात बसून ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघींत रडली, आणि परतीच्या एस.टी.त मला म्हणाली, "माझ्यासारख्या एवढ्या बायका आहेत हे मला माहीतच नव्हतं गं."

दादा परत आले ते गणपती तोंडावर असताना. मूर्ती रंगवून रांगेत उभ्या होत्या, डोळ्यांविना. हात अजून थोडा कापत होता. त्यांनी मला बोलावलं, ब्रश माझ्या हातात दिला आणि मागे बसून एकेक रेघ सांगत गेले. मी आखणी शिकले ती अशी.

मुक्तांगणमध्ये सांगितलं होतं की इथून बाहेर पडणं ही सुरुवात आहे, गावाकडे सोबत शोधा. ती सोबत पनवेलच्या ए.ए. मीटिंगमध्ये मिळाली. काका तिथे भेटले. त्यांची स्वतःची दारू सुटून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ए.ए.चा उगमच मुळी एका दारुड्याने दुसऱ्याजवळ बसण्यात आहे. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये, परगावी एकटा पडलेला एक शेअर दलाल पुन्हा बाटलीकडे वळण्याच्या बेतात होता. त्याने ओळखीपाळखीतून दुसरा पिणारा माणूस शोधून काढला, आणि तो निघाला एक सर्जन. दोघं बोलत बसले आणि दोघंही वाचले. काका ही गोष्ट आपल्या गावच्या माणसांची असावी तशी सांगायचे.

काकांचं काम बघण्यासारखं असे. उपदेश अजिबात नाही. हंगामात ते नेमके संध्याकाळच्या गाडीने यायचे, कारण पिण्याची वेळ तीच. आल्याआल्या विचारायचे, "जेवलास?" मग, "कुनाशी भांडलास?" मग, "झोप झाली?" मला वाटायचं, साधी विचारपूस आहे. पुढे कळलं की त्यामागे ए.ए.तली शिकवण आहे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी एक जरी वाढलं तरी माणूस घसरायच्या वाटेवर येतो. आषाढातल्या आमच्या कारखान्यात चारही एकत्र असतात. पुढच्या वर्षीच्या गटारीला काका सकाळीच येऊन बसले. सगळ्या आळीत मटणाचा आणि दारूचा वास. काकांनी घरून वालाचं बिरडं आणलं होतं. आईने भाकऱ्या टाकल्या. दोघांनी दिवसभर साच्यांना साबण लावायचं काम केलं आणि रात्रीच्या गाडीने काका गेले.

काही गोष्टी त्यांनी घरातल्या बायकांना बजावल्या. नात्यातल्या एकीने सुचवलं होतं की दारू सोडवणारी गोळी मिळते, ती आमटीत मिसळून द्या, त्यांना कळणारही नाही. काका एरवी आवाज चढवत नसत. तेव्हा चढवला. ती डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मरतो. डॉक्टरांनी तपासून, घेणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच ती द्यायची असते. दुसरं म्हणजे द्राक्षासव. दादा अशक्त दिसतात म्हणून आत्याने प्रेमाने दोन बाटल्या आणल्या होत्या. आसवं आणि अरिष्टं आंबवून तयार होतात, त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो आणि बाटलीवर तसं छापलेलंही असतं. काकांनी आत्याचा मान ठेवून बाटल्या परत दिल्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्याही ते चष्मा लावून वाचायचे.

इथे मला माझ्या आजीबद्दल लिहिलं पाहिजे. आजी मिश्री लावायची. 1996 मध्ये तिला तोंडाचा कॅन्सर झाला. मुंबईला नेऊन आणलं, पण आजार पुढे गेला होता. शेवटचे दिवस ती घरी होती आणि ओरडत होती. साध्या गोळ्यांनी काही होत नव्हतं. अशा वेळी मॉर्फिन द्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्येच कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्या आखून दिल्या होत्या. आधी साधी वेदनाशामकं, मग मधली, मग मॉर्फिन. पण आपल्याकडे 1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला, परवान्यांची एवढी जंजाळं झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 1985 मध्ये देशात औषध म्हणून 573 किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं, 1997 मध्ये ते 18 किलोंवर आलं. हा आकडा मी फार उशिरा वाचला आणि वाचताना आजीचा आवाज कानात होता. गर्दुल्ल्यांना आवरायला केलेल्या कायद्याने कॅन्सरच्या रोग्यांची वेदना वाढवली. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे 2014 मध्ये कायदा सुधारला.

म्हणून आमच्या घरात दोन्ही भीती होत्या. औषधाविना तळमळणारी आजी दादांनी पाहिली होती, आणि नशेत बुडालेले दादा आम्ही पाहिले होते.

2019 च्या दिवाळीनंतर दादा माळ्यावरून साचे उतरवताना शिडीवरून पडले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. पहिल्या ठिकाणी नेलं तिथे आईने प्रामाणिकपणे सांगितलं की यांना पूर्वी दारूचं व्यसन होतं. तिथल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. दादा कण्हत होते, तर ते म्हणाले, "यांना सवय आहे, इंजेक्शनसाठी करतात." दुखणं खरं असूनही खोटं ठरलं. सत्य सांगितल्याची ही शिक्षा मिळाली तर पुढच्या वेळी कोण सांगेल? दादांनी त्याहून वाईट गोष्ट केली. ते गप्प झाले. दात आवळून म्हणाले, "मला काही नको. गोळी नको. एक घेतली की पुन्हा सुरू होईल." आत्यानेही तेच धरलं की काही देऊ नका, सहन करू द्या.

काकांना फोन केला. ते रात्री पोचले. त्यांनी दादांचा हात धरला आणि आधी नुसतं बघितलं. मग म्हणाले, "दुखनं दाबून ठिवलंस तर तेच तुला गुत्त्यावर नेईल. औषध औषधासारखं घ्यायचं. लपवून नाय, एकट्यानं नाय, आन्‌ आपल्या मनानं नाय." मला म्हणाले, "बाय, दुसरा दवाखाना बघ. पन तितंबी सगळं खरं सांग."

नवी मुंबईतल्या दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. दादांची दारू कधी सुटली, फिट आली होती का, पोटात रक्तस्राव झाला होता का, यकृत तपासलंय का, व्यसनासाठी अजून काही गोळी चालू आहे का, हे एकेक विचारत गेल्या. शेवटचा प्रश्न का, तर व्यसनमुक्तीसाठी नालट्रेक्सोन घेणारे काही जण असतात, आणि ती गोळी चालू असेल तर मॉर्फिनसारखी औषधं लागूच पडत नाहीत. आधी कळलं तर वेगळी सोय करता येते. मग त्यांनी दादांना विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" दादा म्हणाले, "बरं वाटण्याची." त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे. मग आपण ठरवून करू."

त्यांनी ठरवलं ते असं. ऑपरेशन कंबरेखाली भूल देऊन, आणि मांडीच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन पाय बराच वेळ बधिर ठेवायचा, म्हणजे जड औषध कमी लागेल. पॅरासिटामॉल दुखेल तेव्हा न देता घड्याळ लावून द्यायचं, आणि तेही हात राखून. निरोगी माणसाला दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा, यकृताने सोसलेल्या माणसाला त्याहून कमी. पोटाचा इतिहास बघता डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या नाहीत. त्यावरही सोसवेना झालं तर थोडे दिवस ट्रॅमाडॉल, मोजून. ट्रॅमाडॉल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, कारण त्याचीही सवय लागते. ती गोळी कधी बंद करायची याची तारीख सुरू करतानाच कागदावर लिहिलेली होती. हा कागद दादांना वाचून दाखवला, आईला दाखवला आणि काकांनाही. असल्या कागदात एखाद्या पाहुण्याला सामील करून घेणारा डॉक्टर मी त्याआधी पाहिला नव्हता. काकांची ओळख मी करून दिली तेव्हा बाई फक्त म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणजे माझं काम सोपं झालं."

घरी आल्यावर काकांनी एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा मागितला. त्यात गोळ्या ठेवल्या, झाकणाला आतून तो कागद चिकटवला आणि डबा आईच्या कपाटात गेला. किल्ली आईकडे. प्रत्येक गोळी आईने हातावर द्यायची, दादांनी तिच्यासमोर घ्यायची, मी वहीत वेळ लिहायची. रोज संध्याकाळी उरलेल्या गोळ्या दादांनी स्वतः मोजायच्या. मला आधी वाटलं की दादांना याचा अपमान वाटेल. काकांनी ते दादांकडूनच विचारून घेतलं होतं. "तूच सांग, डबा कुनाकडं ठिवायचा?" दादांनी आईचं नाव घेतलं. त्यामुळे तो पहारा राहिला नाही, दादांनी स्वतः मागितलेली मदत झाली. हा फरक मी तेव्हापासून विसरलेली नाही.

चौथ्या-पाचव्या रात्री दादांना फार दुखत होतं. नेमलेली गोळी घेऊन तासच झाला होता. दादा म्हणाले, अजून एक दे. आई माझ्याकडे बघायला लागली. काका तिथेच चटईवर झोपले होते. ते उठले, दिवा लावला आणि म्हणाले, "कुटं दुखतंय, बोट लाव." दादांनी खुब्यावर बोट ठेवलं. "आनि?" दादा गप्प. मग छातीवर हात ठेवला. या वर्षी काम होणार नाही, कर्ज कसं फेडायचं, पाय पूर्वीसारखा होईल का, असं एकेक बाहेर यायला लागलं. काका ऐकत होते. मध्येच उशा सरकवून पायाची ठेवण बदलली, मला बर्फ गुंडाळून आणायला सांगितला. पहाटे दादांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी काकांनी ती रात्र जशीच्या तशी फोनवर डॉक्टरांना सांगायला लावली. डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ थोडी बदलली, डोस वाढवला नाही.

ट्रॅमाडॉल ठरल्या तारखेला बंद झालं. उरलेल्या गोळ्या घरात राहू नयेत म्हणून आईने मेडिकलमध्ये नेऊन परत दिल्या. त्या मेडिकलवाल्याचेही आमच्यावर उपकार आहेत. पुढे एकदा दादांचं नाव सांगून कारखान्यातला एक मुलगा "कंबरेच्या त्या गोळ्या" मागायला गेला तेव्हा त्याने चिठ्ठीशिवाय दिल्या नाहीत, आणि दुकान बंद करून आम्हाला सांगायला आला. मुलगा स्वतःसाठीच मागत होता. दादांनी त्याला रागावलं नाही. शेजारी बसवलं आणि विचारलं, "जेवलास?"

दादा काठी टेकत चालायला लागले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने आखणीसाठी उंच बाक करून घ्यायला लावला. आता ते खाली बसत नाहीत. मूर्ती फिरत्या पाटावर त्यांच्या डोळ्यांसमोर येते, आणि दर थोड्या वेळाने उठून चार पावलं टाकायची असा दंडक आहे. आमच्याकडे मूर्ती उचलायला आता चाकांचा गाडा आहे. शेजारच्या दोन कारखान्यांनीही तसे गाडे करून घेतले.

काका 2023 च्या उन्हाळ्यात गेले. त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला होता. त्यांना मॉर्फिन मिळालं. कुणी त्यांच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून ते अडवलं नाही, आणि त्यांनीही ते घाबरून नाकारलं नाही. त्यांच्या घरचा डबा शेवटचे काही आठवडे दादांनी सांभाळला. रोज सकाळच्या गाडीने जायचे आणि रात्री परत यायचे. आजीला जे मिळालं नाही ते काकांना मिळालं याचं मला फार समाधान आहे.

काकांच्या मुलाने नंतर मला विचारलं की बाबांनी तुमच्यासाठी एवढं काय केलं? त्याला बापाच्या दारूची वर्षं आठवत होती, आमच्याकडे घालवलेल्या संध्याकाळी माहीत नव्हत्या. मी त्याला इथे लिहिलं तेवढं सगळं सांगितलं.

आता हंगाम सुरू होईल. जोह्यात, कळव्यात, हमरापुरात कारखान्यात वाकून काम करणाऱ्या आणि संध्याकाळी कंबरेसाठी म्हणून घेणाऱ्या माझ्या भावांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगणं आहे. कंबर दुखत असेल तर आधी कंबर दाखवा. रोज पिणारा माणूस श्रावणात एकदम सोडणार असेल तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्या, आणि हात कापणं, भास होणं, फिट येणं यातलं काहीही दिसलं तर वाट बघत बसू नका, 108 ला फोन करून गाडी बोलवा. दारू सुटलेल्या माणसाचं ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा. ते ऐकून घेत नसतील तर दुसरे बघा. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी 14446 हा सरकारी क्रमांक आहे. मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा 14416, तिथे मराठीत बोलता येतं. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

आणि जोह्यात कुणाला शेजारी बसायला माणूस हवं असेल, तर आमच्या कारखान्यात या. दादा संध्याकाळी तिथेच असतात.